शिष्यवृत्ती आणि परतीची वाट

आमच्या भाईंदरात ‘अमका परदेशी शिष्यवृत्तीवर गेला’ म्हटले, की ‘आता कसला परततो!’ हे ठरलेलेच. मला मात्र डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे आठवतात. १९६२ पासून नगर जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन इस्पितळात त्यांनी रोगी बरे केले. तेच रोगी तेच दुखणे घेऊन पुन्हा दारात! मग फुलब्राइट शिष्यवृत्तीवर दांपत्य अमेरिकेस गेले, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले, आणि १९७० साली आले कोठे, तर दुष्काळी जामखेडला. तेथे हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. आरोग्यसेविका म्हणून त्यांनी निवडल्या गावच्याच बाया, पुष्कळशा निरक्षर. डॉक्टरी विद्या अशा हाती देणे कित्येक पांढरपेशांना रुचले नसेल; पण त्याच हातांनी तो आकडा पुढे तिसांच्या आत आणला.