उदाहरण समजते, पण सुटत नाही: ऑयलर यांची अडचण आणि यामिकीची रीत

पुस्तकातील सोडवलेले उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी पटते. त्याच उदाहरणातील उताराचा कोन बदलला किंवा आणखी एक कप्पी जोडली, की पेन थांबते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची ही नेहमीची अडचण 1736 सालीच छापून आलेली आहे. ती मांडली होती लेओनार्ड ऑयलर यांनी.

त्या वर्षी त्यांचा ‘मेकॅनिका’ हा दोन खंडांचा ग्रंथ सेंट पीटर्सबर्ग येथे प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. प्रस्तावनेत ते सांगतात, की न्यूटन यांचा ‘प्रिन्सिपिया’ (1687) आणि याकोब हेरमान यांचा ‘फोरोनोमिया’ (1716) वाचताना उत्तरे कळली. पण प्रश्नात किंचित फेरफार झाला, की तो स्वतःहून सोडवणे जड जाई. ऑयलर यांनाच असे वाटत असेल, तर दोष वाचकाच्या बुद्धीला देता येत नाही.

अडचण मांडणीत होती. ‘प्रिन्सिपिया’तील सिद्धता मुख्यतः भूमितीच्या आहेत. प्रत्येक प्रश्नाची आकृती वेगळी, तिच्यातील रचनाही वेगळी. कोणती रेषा काढायची हे ज्याला आधीच उमगले आहे, त्यालाच ती सुचते. ऑयलर यांनी भूमितीऐवजी कलन वापरले आणि बलाचे घटक मार्गाच्या स्पर्शिकेवर व तिला लंब दिशेत घेतले. तरीही एक त्रास उरला: वस्तू वळली की या दिशाही वळतात.

1750 मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे ठेवलेल्या, आणि 1752 मध्ये छापलेल्या, निबंधात त्यांनी तीन स्थिर, परस्परलंब अक्ष घेतले. प्रत्येक अक्षावर बलाचा घटक आणि त्या दिशेतील त्वरण यांचे एकेक समीकरण लिहिले. ‘न्यूटनचा दुसरा नियम’ म्हणून आपण वहीत जे लिहितो, त्याचे हे रूप. न्यूटन यांनी नियम शब्दांत सांगितला होता. (मूळ निबंध पाहिलात तर समीकरणात 2 हा जादा गुणक दिसेल. तो एककांच्या निवडीमुळे आला आहे, गोंधळू नका.)

आता ही रीत वापरून पाहू. केंब्रिजचे जॉर्ज अ‍ॅटवुड यांनी 1784 च्या ग्रंथात कप्पीचे एक यंत्र वर्णिले. दोन्ही बाजूंची वजने जवळजवळ सारखी ठेवली, की पडणे इतके मंद होते की घड्याळाने मोजता येते. परीक्षेत तेच यंत्र येते: हलक्या, घर्षणरहित कप्पीवरून गेलेल्या हलक्या दोरीला 3 किग्रॅ आणि 2 किग्रॅ वस्तुमाने टांगली आहेत. बरेच जण दोरीतील ताण 3 × 9.8 = 29.4 न्यूटन असा लिहून मोकळे होतात. तसे असते तर 3 किग्रॅच्या वस्तूवरील एकूण बल शून्य झाले असते आणि स्थिर सोडलेली ती वस्तू हललीच नसती.

म्हणून एका वेळी एकच वस्तू घ्या. तिच्यावर दोनच बले आहेत, वजन आणि ताण T. त्वरण a मानू आणि प्रत्येक वस्तूसाठी ती जिकडे सरकते ती दिशा धन धरू.

3 किग्रॅ: 29.4 − T = 3a
2 किग्रॅ: T − 19.6 = 2a

बेरीज केली की T निघून जातो. 9.8 = 5a, म्हणून a = 1.96 मी/से². दुसऱ्या समीकरणावरून T = 19.6 + 3.92 = 23.52 न्यूटन. पडताळा पहिल्या समीकरणात घ्या: 29.4 − 5.88 = 23.52. ताण दोन्ही वजनांच्या मधे आला आहे. जड वस्तू खाली जाते आणि हलकी वर जाते, ती याचमुळे.