निवासी नृत्यकलाकार (चंद्रपूर–गडचिरोलीतील माध्यमिक शाळा)

व्यावसायिक नृत्यकलाकाराने ठरावीक काळ शाळेच्या आवारात राहून विद्यार्थ्यांना नृत्य शिकवावे, स्वतःचा सराव व रचना त्यांच्यादेखत चालू ठेवावी आणि त्याच्या राहण्याची व मानधनाची तजवीज शाळेने किंवा शासनाने करावी, अशा व्यवस्थेला निवासी कलाकार योजना म्हणतात. स्नेहसंमेलनापुरते येऊन आठवडाभरात नाच बसवून देणारा नृत्यदिग्दर्शक या व्याख्येत बसत नाही. कलाकाराचा दीर्घ सहवास हा या योजनेचा गाभा आहे. अमेरिकेत शासकीय कलानिधीच्या साहाय्याने १९६९ पासून शाळांमध्ये कलाकार पाठवण्याचा उपक्रम सुरू झाला. भारतात त्याचे याहून जुने उदाहरण शांतिनिकेतनात आढळते. १९१९ मध्ये सिल्हेटच्या परिसरात मणिपुरी नृत्य पाहून प्रभावित झालेल्या रवींद्रनाथ टागोरांनी त्रिपुराहून मणिपुरी नृत्यगुरू आणवून त्यांना विद्यार्थ्यांमध्येच ठेवून घेतले. प्रत्येक शाळेत किंवा शाळासंकुलात निवासी कलाकार असावा, असे उद्दिष्ट राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही नमूद आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत (गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला) या संकल्पनेची मांडणी उलट्या बाजूने करावी लागते. अन्यत्र विद्यार्थी घरी राहतात आणि कलाकार शाळेत मुक्कामाला येतो. येथील दुर्गम तालुक्यांत मात्र विद्यार्थीच निवासी आहेत आणि नृत्य जाणणारी माणसे गावात मागे राहिली आहेत. शिक्षण, भोजन व निवास एकाच ठिकाणी देणारी आश्रमशाळा ही येथील माध्यमिक शिक्षणाची एक प्रमुख संस्था होय. शासकीय आश्रमशाळा गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर व चिमूर येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांच्या अखत्यारीत येतात, तर स्वयंसेवी संस्थांच्या शाळांपैकी हेमलकसा येथील लोक बिरादरी प्रकल्पाची १९७६ मध्ये सुरू झालेली शाळा सर्वपरिचित आहे. या शाळांनी जंगलातील मुलांपर्यंत अक्षर पोहोचवले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु ज्या वयात मूल गावात नृत्य शिकते त्याच वयात ते गावापासून दूर राहू लागले, हेही तितकेच खरे आहे.

गावातील नृत्यशिक्षणाचे केंद्र म्हणजे गोटुल. गोंड व माडिया गावांतील या सामाईक वास्तूत सायंकाळी तरुण-तरुणी जमतात, गावाच्या बैठका होतात, सणाचे गाणे-नाचणे ठरते. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांचा १९४७ मधील प्रसिद्ध ग्रंथ बस्तरच्या मुरिया समाजातील घोटुलविषयी आहे. त्यातील वर्णन जसेच्या तसे गडचिरोलीला लावणे योग्य नाही, कारण भामरागड, एटापल्ली व धानोरा भागांतील गोटुलांचे नियम आणि उपयोग वेगळे आहेत. येथील प्रमुख नृत्य रेला हे होय. नर्तक एकमेकांच्या हातांत किंवा कमरेभोवती हात गुंफून साखळी करतात, एकाने गाण्याची ओळ उचलताच इतर ती झेलतात आणि पावलांच्या समान ठेक्यावर ती साखळी गोलाकार सरकत राहते. रेला शिकवण्यासाठी वेगळा तास नसतो; लहान मूल साखळीच्या टोकाला येऊन हात धरते, शेजारच्याच्या शरीराचा झोक त्याच्या शरीरात उतरतो आणि काही पंडुमांनंतर, म्हणजे सणांनंतर, ते स्वतः ओळ उचलू लागते. यात कोणी व्यावसायिक नसतो आणि खऱ्या अर्थाने प्रेक्षकही नसतो. म्हणून ‘कलाकार’ कोणाला म्हणायचे, हा प्रश्न नेमणुकीच्या आधीच उभा राहतो. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू करताना तिच्या नावातच ‘गोटुल’ हा शब्द ठेवला, यावरून शिक्षणाच्या या जुन्या घराविषयीची आस्था स्पष्ट होते. त्या शाळेला शासकीय मान्यतेसाठी झगडावे लागले, ही खेदाची बाब आहे.

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेस जिवती, राजुरा व कोरपना तालुक्यांत, तसेच सीमेपलीकडे आदिलाबाद भागात, दिवाळीच्या सुमारास गोंड समाजाची दंडारी, म्हणजे गावोगाव जाणारी नृत्यमंडळी, निघते. मोरपिसांचा उंच मुकुट घातलेले व अंगाला राख फासलेले गुसाडी हे तिचे मानकरी. एका गावाची दंडारी दुसऱ्या गावाची पाहुणी होते, तेथे मुक्काम करते, यजमान गाव तिला जेवू घालते आणि दोन्ही गावे एकत्र नाचतात. निवासी कलाकार योजनेतील मुक्काम व यजमानपण या परंपरेत आधीपासून असताना ती कल्पना सर्वस्वी बाहेरून आणण्याची गरज नाही. गुसाडीचे ज्येष्ठ नर्तक व गुरू, मार्लवाईचे कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे २०२४ मध्ये निधन झाले.

नृत्यावर पोट भरणारे कलाकार या प्रदेशात मिळतात ते झाडीपट्टी रंगभूमीवर. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) व शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने रात्रभर नाटके चालतात आणि देसाईगंज (वडसा) हे नाटक कंपन्यांचे केंद्र आहे. या रंगभूमीचे एक मूळ दंडार या गीत-नृत्य-संवादयुक्त लोकनाट्यात असून त्यातील स्त्रीभूमिका पूर्वी पुरुषच करीत. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री देण्यात आली. झाडीपट्टीतील नर्तिकांना मात्र अशी मान्यता क्वचितच मिळते. ठरल्या वेळी, कोणत्याही मंचावर, अनोळखी गर्दीपुढे रात्रभर उभे राहण्याची त्यांची शिस्त विद्यार्थ्यांनी जवळून पाहण्यासारखी आहे.

सध्या आश्रमशाळांत नृत्य दिसते ते मुख्यतः स्नेहसंमेलनात व स्पर्धांत. मंचावर येताच रेलाचे वर्तुळ प्रेक्षकांकडे तोंड करून उघडते, गाणे ध्वनिक्षेपकावर जाते आणि रात्रभराचे नृत्य काही मिनिटांत आटोपते. दहावीच्या परीक्षेत लोककलेसाठी वाढीव गुणांची तरतूद आहे, पण तिचा आधार प्रमाणित प्रयोग हा आहे. गोटुलच्या अंगणात लहानपणापासून नाचलेल्या मुलीचे ज्ञान या मापात मावत नाही. शिक्षकांच्या नेमणुकीतही हीच अडचण येते. शिक्षणहक्क कायदा, २००९ नुसार शंभरावर विद्यार्थी असलेल्या उच्च प्राथमिक शाळेत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे ठरावीक तासांपुरता शिक्षक, असणे अपेक्षित आहे. मात्र पदविकेची अट घातली की रेलाची ओळ उचलणारी वृद्धा आपोआप वगळली जाते. तिची निवड करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे द्यावा, हा यावरील सर्वांत सरळ उपाय दिसतो.

वेळापत्रकाचा विचार स्थानिक ऋतुचक्र पाहूनच करावा लागतो. झाडीपट्टीचे कलाकार दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत दौऱ्यावर असतात, आणि त्यांपैकी शेती असलेले पावसाळ्याच्या आरंभी धानाच्या रोवणीत गुंततात. त्यामुळे रोवणी आटोपल्यापासून दिवाळीच्या सुटीपर्यंतचे, पहिल्या सत्रातील आठवडे त्यांच्यासाठी सोयीचे ठरतात. त्याच काळात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो, म्हणून तेथील शाळांत कलाकाराला रोज ये-जा करण्याऐवजी वसतिगृहाशेजारी खोली, शिधा आणि महिन्याचे मानधन आगाऊ द्यावे लागेल.