एम्प्रेस मिल, ‘अंधेरे में’ आणि नववीचा वर्ग

मंडळी, नागपुरात नववीच्या वर्गात ‘एम्प्रेस’ म्हटलं की पोरं ‘मॉल’ म्हणतात. त्यांची काही चूक नाही. मॉल उभा आहे, मिल गेली. १ जानेवारी १८७७ला जमशेटजी टाटांनी ती सुरू केली. त्याच दिवशी तिकडे दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून मिलचं नाव एम्प्रेस. आमचा आजचा विषय शाळेत डिस्टोपिया कसा शिकवावा हा आहे, आणि त्याची सुरुवात आम्ही याच मिलपासून करतो.

डिस्टोपिया म्हणजे आदर्श नगरीचं उलटं टोक. थॉमस मोरचा ‘युटोपिया’ १५१६चा. त्याच्या उलट अर्थाचा शब्द जॉन स्टुअर्ट मिलनं ब्रिटिश संसदेत वापरला तो १८६८ साली, आयर्लंडच्या प्रश्नावर. कादंबऱ्या पुढे आल्या : झाम्यातिन, हक्सले, ऑर्वेल. पण आम्ही वर्गात थेट ‘१९८४’ उघडून पाहिलं आणि फसलो. पोरांना वाटलं, हे सगळं परदेशातलं. निबंध आले ते रोबोट आणि बॉम्बचे. सगळी शहरं न्यूयॉर्कसारखी, एकातही पानठेला नाही!

मग आम्ही गजानन माधव मुक्तिबोधांकडे वळलो. घरची भाषा मराठी, लिहिलं हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले मोठे कवी, तेही नागपूरचेच झाले. गजानन माधव १९४८मध्ये नागपुरात आले आणि १९५८पर्यंत इथं राहिले. सरकारी प्रसिद्धी खातं, मग आकाशवाणीचा बातमी विभाग, मग ‘नया खून’ साप्ताहिक. ऑर्वेलसुद्धा १९४१ ते १९४३ बीबीसीत होता, हिंदुस्थानसाठीचे कार्यक्रम करत. दुसऱ्याच्या हुकमानं शब्द कसे घडवले जातात, हे दोघांनी नोकरीत बसून पाहिलं. हा योगायोग आम्हाला फार बोलका वाटतो.

‘अंधेरे में’ ही दीर्घ कविता त्यांनी साधारण १९५७च्या सुमारास हाती घेतली आणि पुढे कित्येक वर्षं ती चालली. छापली गेली १९६४मध्ये. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला ते गेले. एम्प्रेस मिलच्या कामगारांवर गोळीबार झाला तेव्हा मुक्तिबोध बातमीदार म्हणून तिथं हजर होते, असं शमशेर बहादुर सिंह यांनी ‘चाँद का मुँह टेढ़ा है’च्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. म्हणजे कवितेतला लष्करी अंमल, गोळ्या, धूर हे सगळं हवेतून आलेलं नाही.

त्यातला मिरवणुकीचा प्रसंग आम्ही वर्गात घेतो. मध्यरात्र, बँड, घोडदळ, तोफा. मिरवणुकीत कोण? सेनाधिकारी आहेत, मंत्री आहेत, उद्योगपती आहेत. आणि त्यांच्याच रांगेत पत्रकार, समीक्षक, कवी, शिवाय शहरातला नामचीन खुनी डोमाजी उस्ताद. दिवसा ही माणसं आपापल्या कचेरीत सभ्यपणे बसलेली असतात. हे एक जण गॅलरीतून बघतो, आणि मिरवणूक त्याच्यावर धावून येते.

आम्ही मुलांना एकच विचारतो : त्यानं काय गुन्हा केला? पहिला तास शांततेत जातो. मग कुणीतरी म्हणतं, “सर, त्यानं फक्त पाहिलं.” इथून विश्लेषण सुरू होतं. वाईट राजा कोण, हे शोधणं सोपं आहे हो. मिरवणुकीत समीक्षक कशाला लागतो, हे लिहायला डोकं लागतं. निबंधासाठी आमची अट एवढीच : आपल्या गावातला एक नियम घ्या, थोडा ताणा, आणि तो कोण पाळतंय ते दाखवा.

एका मुलीनं लिहिलं ते असं. शहरात मे महिन्यात तापमान चाळीसच्या वर सांगायला बंदी आहे. सगळे थर्मामीटर चाळीसवर अडकवलेत. तिचे आजोबा दारापुढच्या रांजणाजवळ बसून खरा आकडा सांगतात, सत्तेचाळीस. पोलीस येतच नाहीत. शेजारी नमस्कार करायचं बंद करतात, बस्स.

पालकसभेत एकांनी विचारलं, “पोरांना कशाला घाबरवता?” प्रश्न खोटा नाही, चौदा वर्षांचं वय आहे. पण त्या पोरी-पोरांनी सप्टेंबर २०२३मध्ये अंबाझरीचं पाणी घरात शिरलेलं पाहिलंय. भीती त्यांच्याकडे आधीच आहे, ती मांडायला शब्द नाहीत.

आणखी एक सांगायलाच हवं. १९६२मध्ये मुक्तिबोधांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पुस्तकावर मध्य प्रदेश सरकारनं बंदी घातली. ते काही कवितेचं पुस्तक नव्हतं, शाळेतल्या मुलांसाठी लिहिलेलं पाठ्यपुस्तक होतं. त्याचा घाव त्यांना फार लागला.

हे आम्ही वर्गात रंगवून सांगितलं. आणि त्याच वर्षी शाळेच्या वार्षिक अंकात त्या मुलीचा निबंध आला नाही. ‘जागा नव्हती’ असं कारण मिळालं. निवड समितीत आम्हीही होतो. आम्ही काही बोललो नाही.

पुढच्या तासाला तिनं निबंधाबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाली, “मिरवणुकीत कोण कोण होतं, ते परत एकदा सांगता का?” आम्ही सांगितलं. तिनं लिहून घेतलं.

तिची वही आज आम्ही सोबत आणली आहे. तिला विचारून आणली आहे. तीन पानं आहेत, वाचून दाखवतो.