दाखला आणि दाखिला

आमच्या बुधवाऱ्यात ‘दाखिला’ म्हणजे ॲडमिशन आणि ‘दाखला’ म्हणजे सर्टिफिकेट. एका वेलांटीचा फरक. घरात एक भाषा, शेजारी मराठी, बाजारात हिंदी, म्हणून दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात आणि कुणालाही अडचण होत नाही. थंडीत ओट्यावर बसलेल्या बायकांचं बोलणं ऐका: दाखिल्यासाठी जन्माचा दाखला काढला का, समग्र आयडीत नाव बरोबर आलं का, आधारवर आडनाव तेच आहे ना. आणि मग ठरलेलं वाक्य येतंच, “कॉन्व्हेंटमध्ये काय, ते आधी आपल्या माणसांना घेतात.”

या वाक्यात खोटं काही नाही. पण ते अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं आपल्या समाजातल्या बायकांनी समजून घ्यावं असं मला फार दिवस वाटतंय.

कॅथलिक पाद्री बुऱ्हाणपूरच्या मुलखाला नवे नाहीत. अकबरानं असीरगडाला वेढा घातला तेव्हा, १६००-०१ मध्ये, त्याच्या लवाजम्यात जेरोम झेवियर हा जेझुइट होता. पण तो पाद्री बादशहाच्या दरबारात होता, आमच्या गल्लीत नव्हता. शाळा, सिस्टर, युनिफॉर्म हे सगळं कितीतरी नंतरचं. खांडव्याचं स्वतंत्र धर्मप्रांत झालं १९७७ मध्ये, आणि बुऱ्हाणपूर त्यातच येतं.

अशा शाळेत जागा भरतात कशा? साधारण रीत अशी. आधी कॅथलिक घरातली मुलं. त्यांनी बाप्तिस्म्याचा दाखला आणायचा, बहुतेक ठिकाणी चर्चच्या फादरचं पत्रही. मग ज्यांची भावंडं शाळेत आहेत ती, शाळेत काम करणाऱ्यांची मुलं, आणि उरलेल्या जागांवर आपण सगळे. क्रम शाळेगणिक थोडा बदलतो. पण खरी गोम वेगळीच आहे. हा सगळा खेळ नर्सरीत किंवा केजीत होतो. माध्यमिक वर्गात नव्यानं जागा तयार होत नाही. कुणी टीसी काढून गेलं तरच एक खुर्ची रिकामी होते. म्हणून नववीत प्रयत्न करणाऱ्या आईला “जागा नाही” असं उत्तर मिळतं तेव्हा दर वेळी त्यात धर्म नसतो, नर्सरीच्या पहिल्या यादीचं गणित असतं. अकरावीत दार पुन्हा थोडं उघडतं, तिथे दहावीचे मार्क बोलतात.

आता “आपल्या माणसांना आधी” हे कायद्यात बसतं का? बसतं. संविधानाच्या कलम ३०(१) नं अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिला. पण शेजारीच कलम २९(२) आहे: सरकारी मदत घेणारी शाळा केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा पाहून कुणाला नाकारू शकत नाही. ही दोन कलमं एकमेकींच्या पदराला धरून उभी आहेत, एक ओढते तिकडे, दुसरी इकडे. दाखिल्याचा सगळा इतिहास या ओढाताणीतून झाला.

आमच्या स्टेशनावरून मुंबईकडे जाणारी गाडी भुसावळ, मनमाड, नाशिक करत देवळालीवरून जाते. तिथल्या बार्न्स हायस्कूलचं प्रकरण मला नेहमी आठवतं. ही शाळा कॅथलिक नाही, अँग्लिकन परंपरेतली आहे, पण निकाल सगळ्यांच्या कामाचा ठरला. जानेवारी १९५४ मध्ये मुंबई सरकारनं हुकूम काढला की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन किंवा बिगर-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज कुणालाही नव्यानं घेऊ नये. हेतू वाईट नव्हता, देशी भाषा पुढे याव्यात असं सरकारला वाटत होतं. पण झालं काय? लष्करातला एक मेजर, भारतीय ख्रिस्ती, घरात इंग्रजी बोलणारा, मुलीला घेऊन शाळेत गेला. मुख्याध्यापकांनी हुकूम दाखवला, नाही म्हणाले. एक गुजराती हिंदू डॉक्टर मुलाला घेऊन गेले, त्यांनाही तेच.

लक्षात घ्या, इथे शाळेला मुलं हवी होती. दार सरकारनं लावलं होतं. शाळा चालवणारी संस्था आणि हे दोघे बाप कोर्टात गेले. हायकोर्टात सरकार हरलं आणि २६ मे १९५४ ला सुप्रीम कोर्टातही हरलं. कोर्ट म्हणालं, हेतू काही असो, परिणाम काय होतो ते बघायचं, आणि २९(२) हे कलम फक्त अल्पसंख्याकांसाठी नाही, प्रत्येक नागरिकासाठी आहे. शिवाय कलम ३३७ प्रमाणे अँग्लो-इंडियन शाळांना खास अनुदान हवं असेल तर दर वर्षी निदान ४० टक्के जागा इतर समाजांना द्याव्याच लागत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतल्या कितीतरी मुलामुलींसाठी हे दार त्या निकालानं उघडं राहिलं, आणि आपल्या घरात त्याचं नाव कुणाला माहीत नाही.

पुढे १९५८ मध्ये केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बाहेरची थोडी मुलं घेतली म्हणून शाळेचं अल्पसंख्याकपण जात नाही. १९९१ मध्ये दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या खटल्यात हिशेब लागला: अनुदानित संस्थेनं आपल्या समाजाला प्राधान्य द्यावं, पण ५० टक्क्यांच्या पुढे नाही. २००२ च्या टी.एम.ए. पै निकालात तो आकडा सैल झाला, गावाची गरज बघून ठरवा म्हणाले. म्हणजे “आधी आपली माणसं” याला हक्क म्हणून मान्यता आहे, आणि “मग इतर” हेही त्यातच आलं. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आकडा आहे: ख्रिस्ती शाळांतली सुमारे ७४ टक्के मुलं ख्रिस्ती नाहीत. तर मग कुणाची जागा कुणी खाल्ली?

त्याच अहवालातला दुसरा आकडा मात्र मला झोपू देत नाही. अल्पसंख्याक शाळांतली, म्हणजे सगळ्याच धर्मांच्या, जेमतेम ८.७६ टक्के मुलं सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतली. शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत २५ टक्के जागा अशा मुलांसाठी ठेवल्या, आपल्या मध्यप्रदेशात त्याची ऑनलाइन लॉटरी निघते. पण २०१४ च्या प्रमती निकालानं अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून संपूर्ण सूट मिळाली. कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं २००७ च्या शिक्षण धोरणात कॅथलिक मुलांबरोबर गरीब आणि वंचितांनाही अग्रक्रम लिहून ठेवला आहे. कागदावर. वर्गात बहुतेक आपल्यासारख्यांचीच मुलं दिसतात, कारण फी आपण भरतो. बाहेर राहते ती आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशीची मुलगी, आणि ती ओट्यावर बसून तक्रारही करत नाही.

आणि आता हा प्रश्न ‘त्यांचा’ राहिलेला नाही. मध्यप्रदेशानं २००१ मध्ये जैनांना अल्पसंख्याक मानलं. बाळ पाटील त्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत भांडले, २००५ मध्ये कोर्टानं नाही म्हटलं. शेवटी २७ जानेवारी २०१४ ला केंद्रानं अधिसूचना काढली. तेव्हापासून जो हक्क कॉन्व्हेंटला, तोच समाजाच्या शाळेला.

आपण हे दार कसं राखतो, याचा जुना दाखला आहे. शेठ माणिकचंदांनी ठिकठिकाणी जैन बोर्डिंगं उभी केली, त्यांच्या लेकीनं, मगनबाईंनी, मुंबईत श्राविकाश्रम काढला. विधवा, परित्यक्ता जैन बायका तिथे अक्षर शिकल्या. ते उपकार मोठे आहेत. पण त्याच परंपरेतल्या कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये कुंभोजच्या जैन घरातला भाऊराव पाटील नावाचा मुलगा होता. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो जाऊन आला. चरित्रकार सांगतात, आधी आंघोळ कर, मगच जेवायला ये असं त्याला फर्मावलं गेलं. त्यानं ऐकलं नाही आणि बोर्डिंगमधून त्याला बाहेर पडावं लागलं.

त्या मुलानं १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या त्याच्या बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवत. त्याच्या पत्नीनं, लक्ष्मीबाईंनी, त्या पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. तीही जैन घरातलीच बाई. आपल्या व्याख्यानांत कर्मवीरांचा फोटो असतो, लक्ष्मीबाईंचा क्वचितच.

म्हणून समाजाच्या बैठकीत शाळेचा फॉर्म ठरतो तेव्हा बायकांनी मागे बसून चहाची व्यवस्था बघू नये असं मला वाटतं. ‘आधी आपली मुलं’ हा रकाना लिहाच, तो आपला हक्क आहे. पण त्याच्या खालचा रकाना कोण लिहितं, फी माफीच्या जागा किती, हे तिथल्या तिथे विचारावं. सूट आहे म्हणजे मनाई आहे असं नाही. २५ टक्के जागा आपणहून द्यायला कुठल्याच कोर्टानं अडवलेलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायमूर्तींनी प्रमतीच्या सुटीवर शंका घेतली आणि ते प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे जावं म्हणून सरन्यायाधीशांपुढे पाठवलं.