गाडी थांबवण्याचा खेळ

जपानमध्ये ताइतो कंपनीनं १९९६ साली ‘देन्शा दे गो!’ हा आर्केडचा खेळ आणला. शर्यत नाही, शत्रू नाही. तरी लोक रमले! कशात? तर गाडी ठरल्या वेळी, फलाटावरच्या ठरल्या खुणेशी उभी करण्यात. गाडी जड, ब्रेक आधीच लावावा लागतो. माझ्या मते खरी ओढ या अंदाजाची आहे. चुकलात तर दंड, फार तर दुसरं नाणं.

आता हीच चूक खऱ्या रुळांवर बघा. २५ एप्रिल २००५ रोजी इतामी स्थानकात एका मोटरमनची गाडी खुणेपुढे गेली. मग उशीर झाला. अमागासाकीजवळच्या वळणावर वेग आवरला नाही. त्याच्यासह १०७ माणसं गेली. चौकशी अहवाल म्हणतो, बहुधा त्याचं लक्ष ब्रेकवर नव्हतंच. गार्ड ती चूक कशी कळवतो, तिकडे होतं. चुकणाऱ्याला मिळणाऱ्या ‘पुनःप्रशिक्षणा’ची धास्ती, दुसरं काय!