लोणारचा क्षार आणि छातींतील जळजळ



जेवण झाल्यावर तासाभरानें छातीच्या मधोमध आग पेटावी, आंबट-कडू पाणी घशाशीं यावें आणि उशीला टेकून बसल्या बसल्या पहाट करावी, हा अनुभव ज्याच्या वाट्याला वारंवार येतो त्याला या व्याधीची व्याख्या सांगण्याचें कारण नाहीं. वैद्य तिला अम्लपित्त म्हणतात. घरांत ‘पित्त झालें’ एवढ्या दोन शब्दांत तिची बोळवण होते. आज मला या व्याधीच्या आणि तिच्यावरील घरगुती उपायांच्या इतिहासाचा थोडा मागोवा घ्यावयाचा आहे, आणि तो बुलढाणा जिल्ह्यांत उभें राहून घ्यावयाचा आहे. कारण असें कीं, अम्लाचें जें विरोधी द्रव्य, म्हणजे क्षार, त्यानें भरलेलें एक अफाट पात्र निसर्गानें याच जिल्ह्यांत, लोणार येथें मांडून ठेविलें आहे.

प्रथम ग्रंथांकडे वळूं. अम्लपित्त हा शब्द चरकसंहितेंत ग्रहणीच्या विवेचनांत येतो; परंतु त्या रोगाला तेथें स्वतंत्र अध्याय नाहीं. तो मान त्याला पुढें सातव्या-आठव्या शतकांतील माधवनिदानांत मिळाला. अन्न न पचणें, थकवा, मळमळ, कडू व आंबट ढेकर, अंग जड होणें, छातींत व कंठांत दाह, अन्नावरील वासना उडणें, अशीं लक्षणें माधवकारानें दिलीं आहेत. आणि रोगाच्या वर जाणारा व खालीं जाणारा अशा दोन गतीही सांगितल्या आहेत. आजचे डॉक्टर ज्याला अन्ननलिकेंत अम्ल उलटून येणें म्हणतात, तें या ऊर्ध्वगतीशीं बरेंच जुळतें. काश्यपसंहिता नेपाळांत सांपडलेल्या हस्तलिखितावरून १९३८ सालीं छापून निघाली. तींत या रोगावर एक विशेष गोष्ट आहे. अनूप म्हणजे दमट, पाणथळ देशांत हा रोग फार होतो, आणि औषधानें तो न हटला तर रोग्यानें देश बदलावा, असें काश्यपाचें म्हणणें आहे.

बुलढाणा जिल्हा तर कांहीं पाणथळ नव्हे. दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेचे घाट व पठार, उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी कपाशीची जमीन, असा हा कोरडा मुलूख. काश्यपाच्या हिशेबानें येथें अम्लपित्ताला फारसा थारा नसावा. पण काश्यपाच्या ताटांत मिरची नव्हती! ही गोष्ट आपण सहज विसरतों. ज्वारीची भाकरी, पिठलें आणि हिरव्या मिरचीचा ठेचा हें वऱ्हाडी जेवण आपणांस अनादि वाटतें. परंतु मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकांत या देशांत आली. त्यापूर्वीं तिखटपणा होता तो मिऱ्यांचा, पिंपळीचा आणि सुंठीचा. तंबाखू तिच्या मागोमाग आला. १६०५ च्या सुमारास तो विजापुराहून अकबराच्या दरबारांत नवलाची वस्तु म्हणून नेण्यांत आला, म्हणजे दक्षिणेंत तोंवर तो रुळलेला होता. चहा तर कालपरवाचा. विसाव्या शतकाच्या आरंभानंतर, व्यापाऱ्यांच्या जाहिरातींनीं, तो आपल्या स्वयंपाकघरांत शिरला. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशीं स्नायूंचें एक कडें असतें. तें मिटलेलें राहिलें म्हणजे अम्ल खालींच राहतें. तंबाखूनें आणि तेलकट जेवणानें हें कडें सैल पडतें. चहा-कॉफीचा त्रास सर्वांना सारखा होत नाहीं. तिखटाचेंही तसेंच, तें कडें सैल करण्यापेक्षां आधींच सोललेल्या नळीला झोंबतें. शेगांवची कचोरी आज दूरवर प्रसिद्ध आहे. तिच्यावर एक कप चहा आणि मग आगगाडीच्या बांकावर आडवें होणें, एवढें साधलें कीं रोगाला आणखी निमंत्रण नको.

आतां लोणारकडे येऊं. तेथील विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर असून तें अशनीच्या आघातानें झालें, ही गोष्ट १९७३ नंतर शास्त्रज्ञांनीं पक्की मानली. त्याच्या तळाशीं जें सरोवर आहे त्याचें पाणी खारट तर आहेच, पण त्याहून अधिक तें क्षारयुक्त आहे. अम्ल-क्षार मोजण्याच्या पट्टीवर शुद्ध पाणी ७ वर असतें, पोटांतील रस १ ते २ च्या आसपास, आणि लोणारचें पाणी १० च्या जवळपास. उन्हाळ्यांत पाणी आटलें कीं कांठावर आणि चिखलांत सोड्याचे थर धरत. ते काढून विकण्याचा धंदा शतकानुशतकें चालला होता. या क्षारांच्या जातींना डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशीं अस्सल देशी नांवें होतीं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनें ऐन-इ-अकबरींत या भागाची नोंद करतांना, कांच आणि साबण करण्यास लागणारीं सर्व द्रव्यें येथें मिळतात, असें लिहून ठेविलें आहे. धंदा पुढें मागें पडला. २०२० सालीं सरोवराला रामसर यादींत संरक्षित पाणथळ जागा म्हणून स्थान मिळालें, आणि त्याच वर्षीं जूनमध्यें क्षारप्रिय सूक्ष्म जीवांमुळें त्याचें पाणी गुलाबी झालेलें लोकांनीं पाहिलें.

इतिहासांत कधीं कधीं मौजेचे योग जुळतात. अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें लोणारचें हें वैशिष्ट्य १८२३ सालीं युरोपीय वाचकांच्या नजरेस आणलें. त्याच सालच्या डिसेंबरांत लंडन येथें विल्यम प्राउट या वैद्यानें रॉयल सोसायटीपुढें निबंध वाचून सिद्ध केलें कीं, जठरांतील अम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, तेंच जें रसायनशाळेच्या बाटलींत असतें. एकाच वर्षीं पृथ्वीवरील क्षाराचें एक कुंड आणि देहांतील अम्लाचें कुंड, दोन्ही कागदावर आलीं. पण एकाला दुसऱ्याची वार्ताही नव्हती.

क्षार अम्लाला मारतो हें मात्र आपल्या घरांत प्राउटच्या फार पूर्वींपासून ठाऊक होतें. सर्जिकाक्षार आणि यवक्षार हीं वैद्यांचीं जुनीं औषधें. शंखभस्म, कवडीचें भस्म हीं चुन्याच्या जातीचींच. पोटांत जातांच तीं अम्लाला निवळतात. चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्यांत टाकून पिणें हा उपाय तर घरोघर आहे: सोड्याची अम्लाशीं गांठ पडली कीं वायु सुटतो, मोठा ढेकर येतो आणि माणसाला हायसें वाटतें. हें सुख खरें आहे, परंतु तें थोडा वेळ टिकणारें आहे, आणि रोज विकत घेऊं लागल्यास महाग पडणारें आहे.

येथें चरकाच्या एका इशाऱ्याकडे मला आपलें लक्ष वेधावयाचें आहे. विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायांत तो म्हणतो कीं, पिंपळी, क्षार आणि लवण या तीन वस्तु फार काळ, फार प्रमाणांत खाऊं नयेत. क्षार गुणकारी आहे हें तो नाकारीत नाहीं. पण ज्या गांवांत व देशांत लोक तो सतत खातात तेथें दृष्टि जाणें, टक्कल पडणें, केंस पिकणें, छातींत कापल्यासारखें दुखणें असे विकार होतात असें सांगून तो पूर्वेकडील लोकांचें आणि चिनी लोकांचें उदाहरण देतो. त्यांतील प्रत्येक विकार क्षारामुळेंच होतो असें आज कोणी म्हणणार नाहीं. परंतु एक औषध, तें उपयोगी आहे एवढ्यावरून, रोजचें अन्न होऊं नये, ही दृष्टि केवढी शहाणपणाची!

पश्चिमेला हाच धडा विसाव्या शतकांत महाग किंमत देऊन शिकावा लागला. १९१५ सालीं शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी या डॉक्टरानें जठरव्रणावर तासातासाला दूध-साय आणि सोबत क्षारांच्या पुड्या देण्याची पद्धति सुरू केली. रोग्यांना आराम पडे, म्हणून ती जगभर पसरली. पण दहा वर्षेंही लोटलीं नाहींत तोंच कांहीं रोग्यांना मळमळ, डोकेदुखी, भ्रम आणि मूत्रपिंडाचा बिघाड होतो असें आढळून आलें. दूध आणि क्षार यांच्या अतिरेकानें रक्तांतील चुना वाढत होता. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत हें विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. तेथें विहिरींचें पाणीच खारें असतें, आणि मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार तेथील गांवें वर्षानुवर्षें करीत आलीं आहेत. त्याचीं कारणें अनेक असूं शकतील; पण ज्याचें मूत्रपिंड अशक्त आहे किंवा रक्तदाब वाढलेला आहे, त्यानें रोज सोडा पिणें धोक्याचें, यांत शंका नाहीं.

मग घरांत दुसरें कांहीं नाहीं काय? आहे, आणि त्यांतील उत्तम भाग आपल्या भाषेंत दडलेला आहे. जेवणानंतरच्या दोन गोष्टींना आपण शतपावली आणि वामकुक्षी म्हणतों. सुश्रुतानें सांगितलें आहे कीं, जेवल्यावर थोडा वेळ राजासारखें स्वस्थ बसावें, मग शंभर पावलें चालावें आणि मग डाव्या कुशीवर निजावें. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. आपण शब्द ठेविला आणि कूस विसरलों. दुपारीं उताणें घोरणाऱ्यालाही आपण वामकुक्षी घेणारा म्हणतों! डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खालीं राहतें, म्हणून अम्ल कमी उलटतें, हें आतां मोजमापानें दिसून आलें आहे. फक्त एक दुरुस्ती हवी: रात्रीचें जेवण आणि अंथरूण यांत दोन-तीन तासांचें अंतर असावें. खाटेचे उशाकडील पाय विटांवर चढवून तें टोक वीतभर उंच करावें. उशा वाढवून तें काम होत नाहीं, उलट पोट दुमडतें. आणि ज्याचें पोट सुटलें आहे त्यानें वजन उतरविलें तर त्याच्याएवढा गुण कोणत्याही चूर्णाला नाहीं.

आंवळ्याची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. जिभेला आंबट, पण वैद्यांच्या मतें पचनानंतर मधुर आणि पित्तशामक, म्हणून मोरावळा. २०१८ सालीं इराणांतील संशोधकांनीं ६८ रोग्यांवर केलेल्या तुलनात्मक प्रयोगांत आंवळ्याच्या गोळ्यांनीं छातींतील जळजळ कमी झाल्याचें नमूद आहे. प्रयोग लहान आहे, तरी तो आहे. धन्याचें पाणी, साळीच्या लाह्या, गुलकंद, ज्येष्ठमध यांच्या पाठीशीं परंपरेचा अनुभव आहे, पुरावा थोडा. त्यांतही ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब चढतो. थंड दुधानें तात्पुरतें बरें वाटतें. मागाहून तेंच अम्ल वाढवितें. ताक कांहींना मानवतें, कांहींना नाहीं.

आतां औषधांविषयीं, कारण पुष्कळांना तीं सोडून घरच्या उपायांवर यावयाचें असतें. १९७६ सालीं जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनांतून निघालेलें सिमेटिडीन इंग्लंडांत मिळूं लागलें, आणि १९८८ पासून ओमेप्राझोल. यांनीं अम्ल मारलें नाहीं; तें स्रवण्याचीच वाट अडविली. व्रणासाठीं होणाऱ्या शस्त्रक्रिया त्यानंतर झपाट्यानें घटल्या. पण या गोळ्या महिनोन्महिने घेऊन एकदम बंद केल्या तर अम्ल पूर्वींपेक्षां जोरानें उसळतें. २००९ सालीं डेन्मार्कांत प्रकृतीनें धडधाकट अशा लोकांना आठ आठवडे अशी गोळी देऊन ती थांबविली, तेव्हां शंभरांतील ४४ जणांना पित्ताची कांहींना कांहीं तक्रार सुरू झाली. ज्यांना नुसती खोटी गोळी दिली होती त्यांच्यांत हें प्रमाण १५ होतें. म्हणजे गोळी सोडल्यावर जळजळ परत आली, एवढ्यावरून जुना रोगच उलटला असें ठरत नाहीं. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानें हळूहळू उतरवावी, आणि त्या उतारावर शतपावली, लवकरचें जेवण, उंच उसें यांचा आधार घ्यावा. ज्याच्या अन्ननलिकेला व्रण झाले आहेत, किंवा जो सांधेदुखीसाठीं रोज वेदनाशामक घेतो, त्यानें मात्र आपल्या मनानें गोळी टाकूं नये.

घांस अडकणें, कारण नसतां वजन उतरणें, रक्ताची उलटी, डांबरासारखा काळा शौच, यांपैकीं एकही दिसल्यास घरांत बसून आंवळा खात राहण्याची वेळ नव्हे. तसेंच छातींतील दुखणें डाव्या हातांत किंवा जबड्यांत उतरूं लागलें, घाम फुटला, तर तें पित्त समजून सोड्याचा पेला शोधूं नये. बैलगाडी असो वा मोटार, जें वाहन दारांत असेल त्यानें तडक दवाखाना गांठावा.