पंखावरची हलणारी रेघ

मागच्या महिन्यात पुणे-दिल्ली विमानात खिडकीची सीट मिळाली, तीही बरोब्बर पंखावर. दुपारचं ऊन डोक्यावर होतं. पंखावर बुडापासून टोकाकडे जाणारी एक बारीक सावलीसारखी रेघ दिसली. आणि ती एका जागी नव्हती... जरा पुढे, जरा मागे, असं चाललेलं. मी लगेच व्हिडिओ काढला.

हिंगोलीला घरी गेल्यावर भाच्याला दाखवला. "मामा, ही रेघ कामून हालायली?"

त्याला मोरीत नेलं आणि नळाखाली पालथं ताट धरलं. धार पडते तिथे पाणी पातळ पसरतं, सुसाट पळतं आणि थोड्या अंतरावर अचानक जाड होऊन मंदावतं. मध्ये एक गोल कडा तयार होते. नळ थोडा फिरवला की कडा सरकते. हवेचंही साधारण असंच. विमान आवाजाच्या वेगाच्या ८० टक्क्यांवर असलं तरी पंखाच्या फुगीर पाठीवरून जाणारी हवा आवाजापेक्षा जोरात जाऊ शकते. पुढे ती एकदम मंदावते, ती कडा म्हणजे शॉक वेव्ह. तिथे हवेची घनता बदलते, ऊन वाकतं, आणि रेघ दिसते.

थोडं हलणं चालतं. पण वेग किंवा पंखाचा कोन जास्त वाढला, की शॉकमागे पंखाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर सुटतो. थर सुटला की शॉक पुढे सरकतो, थर परत चिकटला की मागे. हे सेकंदाला अनेक वेळा होतं आणि अख्खं विमान हादरायला लागतं. आपल्याकडे ऑटोस्केलिंग चुकीचं लावलं की सर्व्हर वाढतात-कमी होतात-वाढतात, तसलाच प्रकार. :)

तो पातळ थर १९०४ मध्ये ओळखला जर्मनीच्या लुडविग प्रांटल यांनी. आणि गटिंगेनला त्यांच्याच हाताखाली १९३६ मध्ये डॉक्टरेट केली आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या विष्णू माधव घाटगे यांनी! मला हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कोणी सांगितलं नाही. घाटगे पुढे बंगळूरला विमानशास्त्र शिकवू लागले, एचएएलमध्ये डिझाइनचं काम उभं केलं. त्यांचं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडालं.

मग १९५६ मध्ये सरकारने कुर्ट टँक यांना बोलावलं. दुसऱ्या महायुद्धातल्या फोके-वुल्फ १९० चे हे डिझायनर. हवाई दलाला हवं होतं आवाजाच्या दुप्पट वेगाचं विमान. १९६१ च्या जूनमध्ये सुरंजन दास यांनी एचएफ-२४ मरुत पहिल्यांदा उडवलं. मागे झुकलेले पंख होते, म्हणजे शॉक उशिरा यावा. सांगाडा झकास होता.

इंजिन मात्र नव्हतं. ज्या ताकदीच्या ऑर्फियसवर हिशेब मांडला होता, त्याचं काम पुढे नेण्यासाठी इंग्लंडने पैसे मागितले, आपण दिले नाहीत. शेवटी साधी ऑर्फियस ७०३ इंजिनं दोन बसवली. इजिप्तबरोबर दुसरं इंजिन करून पाहिलं, तेही तडीला गेलं नाही. त्यामुळे आवाजापलीकडे जायला बांधलेलं विमान जन्मभर आवाजाच्या वेगाच्या आसपासच घुटमळलं, म्हणजे नेमकं जिथे शॉक सगळ्यात चंचल असतात तिथे. माझ्या मते ही हार विमानशास्त्राची नव्हती, हिशेबाच्या वहीची होती. पैसे वाचवले म्हणायचे, पण मग मिग बाहेरून घेतलीच ना?

जादा जोर देणारी इंजिनं बसवलेल्या मरुतच्या चाचणीत १० जानेवारी १९७० ला दास गेले. तरी १९७१ च्या युद्धात मरुत राजस्थान आघाडीवर लढलं. एकूण १४७ बनली, शेवटची १९९० मध्ये निवृत्त झाली.

आता आमच्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया येतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये प्रकाश पाठवून दूरच्या अवकाशातल्या लहरी मोजायच्या. प्रकाशाचे दोन झोत एकमेकांवर पाडून फरक बघायची हीच युक्ती विंड टनेलमधले शॉक बघायलाही वापरत. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मग आपल्या गावात विमान येणार का?"

नाही बाबा. पण मुंबईला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक मरुत उभं आहे. दिवाळीच्या सुट्टीत तुला नेतो.